रंगकाकांचे निळे चेहरे

१

तिसऱ्या मजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं होतं. पट्टीबाई वडिलांना न्यायला आल्या होत्या. म्हणजे वडिलांचा जुना काळा-पांढरा फोटो त्यांनी रंग भरायला दिला होता, तो न्यायला. "काका, आहात ना?" असं म्हणत त्यांनी दार ढकललं आणि त्यांचे पाय उंबऱ्यातच खिळले.

रंगकाका खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. हनुवटी छातीवर टेकली होती. उजव्या हातात बारीक ब्रश होता आणि ब्रशचं टोक समोरच्या फोटोतल्या गालावर थांबलं होतं.

पट्टीबाई अठ्ठावीस वर्षं हृदयाच्या दवाखान्यात ईसीजीच्या पट्ट्या काढत होत्या, त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. माणूस गेलाय हे कळायला त्यांना मनगट धरायची गरज नव्हती. तरी धरलं. हात अजून पुरता गार झाला नव्हता, पण आत काहीच हलत नव्हतं. टेबल सावरायला गेलेला त्यांचा दुसरा हात काढ्याच्या कपाला लागला. अर्धा कप तपकिरी काढा, कोमट.

मग त्यांचं लक्ष फोटोकडे गेलं. फोटो त्यांच्याच वडिलांचा होता. पण गाल निळसर, ओठ जांभळट, कपाळावर पाण्यात बुडालेल्या माणसासारखी झाक. दचकून त्यांनी मान वर केली. भिंतीलगतच्या दोरीवर चिमट्यांना सहा-सात फोटो टांगले होते, काही वाळत, काही गिऱ्हाइकांनी परत केलेले. कुणाची आजी, कुणाचा नवरा, एक दीड वर्षांचं मूल. सगळे निळे. सगळे खिडकीजवळच्या त्या टेबलाकडे बघत होते, जिथे रंगकाका बसले होते.

बाई जिना उतरून तळमजल्यावर धावल्या. तिथे काकांच्या पुतण्याचं फोटोंना चौकटी करायचं दुकान होतं. त्याला घेऊन त्या वर आल्या, तर काकांची थोरली बहीण खोलीत उभी होती. सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. भावंडं दोघंच राहत. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, गच्चीला लागून होतं. आत्या रडत नव्हत्या. भावाच्या विरळ केसांवरून त्या हात फिरवत होत्या, झोपलेल्या मुलाच्या फिरवावा तसा.

"बघा ना," त्या हळूच म्हणाल्या, "त्याला कुठे जायचंच नव्हतं."

२

दुपारपर्यंत गल्लीने निकाल लावून टाकला: सालीने माणूस खाल्ला.

दीड वर्षापूर्वी रंगकाकांना हृदयविकाराचा झटका आला होता. त्यातून ते उठले ते डॉक्टरांच्या गोळ्यांवर आणि रोज सकाळच्या अर्जुनसालीच्या काढ्यावर. डॉक्टरांपासून काही लपवलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. एवढं पाळा, मग वर साल उकळा नाहीतर खुर्चीचा पाय उकळा. फक्त काय उकळता ते मला सांगत जा." काका हसले होते. पुढे ते तीन मजले न थांबता चढायला लागले.

आणि मग, चारच दिवसांपूर्वी, पट्टीबाईंनी त्यांची नेहमीची पट्टी काढली होती.

ती पट्टी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. दोन ठोक्यांच्या मधली रेघ जिथे सपाट असायला हवी, तिथे ती पळीसारखी खाली वाकली होती, आणि नाडी मोजून अठ्ठेचाळीस. अशी पळी बाईंनी पूर्वी पाहिली होती, पण ती हृदयाच्या एका खास गोळीवर असलेल्या माणसांत. काकांना ती गोळी कधीच दिली नव्हती. डॉक्टरांनीही कपाळाला आठ्या घातल्या. "काढा आजपासून बंद. चार दिवसांनी या आणि येताना ती साल घेऊन या."

आज चौथा दिवस होता.

आत्यांजवळ बसून बाईंनी विचारलं, "आत्या, डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितलं होतं..."

"केला होता ना. त्या दिवसापासून या घरात साल उकळलेली नाही. हवं तर पातेलं बघा."

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. टेबलावरचा कप त्यांच्या हाताला कोमट लागला होता. त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या. ब्रश होता, रंगाच्या वड्या होत्या, पाण्याची वाटी होती.

कप नव्हता. टेबलाच्या लाकडावर ओलसर गोल तेवढा उरला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर सालवाली आजी येऊन बसली होती. कोपऱ्यावर तिचं वनौषधींचं दुकान. आदल्या संध्याकाळी चौकटवाल्या पुतण्याने तिची पोती रस्त्यावर फेकली होती आणि बघ्यांपैकी एकानेही त्याचा हात धरला नव्हता.

"चाळीस वर्षं बसते मी त्या दुकानात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "एकाच झाडाची साल वीस घरांत जाते. तुझी आईसुद्धा पिते. तिला काय झालं?"

"काही नाही, आजी."

"मग त्यालाच कसं झालं?"

बाईंनी स्टूल ओढलं. "काका तुम्हाला हल्ली काही म्हणाले होते का?"

"म्हणाले ना. महिन्याभरापूर्वी आले नि म्हणाले, आजी, तुमची साल हल्ली कडू लागते. मी म्हटलं, कडू? अहो, साल तुरट असते. जीभ आवळून धरते. कडू लागत असेल तर तोंडाला चव नसेल तुमच्या. हसण्यावारी नेलं मी." तिने डोळे पुसले. "आणि म्हणाले, दिव्याभोवती पिवळं कडं दिसतं. म्हातारपण हो, मी म्हटलं. मला मेलीला काय माहीत!"

पिवळं कडं. पळीच्या पट्टीवाल्या रोग्यांना ती गोळी जास्त झाली की तेही हेच म्हणत. कुठलंतरी तसंच विष काकांच्या हृदयाला चिकटलं होतं. पण कशातून, आणि कुणाच्या हातून?

दवाखाना सुटल्यावर त्या चौकटीच्या दुकानात गेल्या. पुतण्या करवतीने पट्टी कापत होता. त्यांना बघून त्याने मान फिरवली.

"तिची बाजू घ्यायला आल्या असाल तर..."

"मी कुणाचीच बाजू घ्यायला आले नाही. काकांना आणखी काय होत होतं ते सांग."

त्याने अर्धवट कापलेलं लाकूड बाजूला सारलं. मग करवत खाली ठेवली. "काकांचं डोकं फिरत चाललं होतं, बाई. कागदवाल्याला दोनदा कागद परत पाठवला. काय तर म्हणे पिवळा आहे. मी स्वतः पाहिला, पांढराशुभ्र होता. आणि ते चेहरे! गिऱ्हाईकं फोटो घ्यायला यायची आणि पाहून मागे सरायची. एक बाई तर जिन्यात चक्कर येऊन बसली. गल्लीत कुजबुज सुरू झाली, मेलेली माणसं काकांना बोलावताहेत म्हणून."

"काका काय म्हणायचे?"

"त्यांना दिसायचंच नाही निळं. म्हणायचे, अरे, छान गुलाबी तर आहेत. मग माझं तोंड बघून घाबरायचे."

"सतत असं होतं?"

"सतत नाही. मध्ये बरे होते. मुलीकडे जायचं ठरलं की नेमके आजारी पडायचे." काकांची मुलगी दूर समुद्रकाठच्या गावी राहायची, बापाने कायमचं तिकडे यावं म्हणून वर्षभर मागे लागली होती. "दोनदा सामान बांधलं, दोनदा उलट्या, अशक्तपणा, सगळं रद्द. आता येत्या रविवारी निघणार होते. डॉक्टरांनी परवानगीही दिली होती."

"तू काय करणार होतास त्या खोलीचं?"

पुतण्याने चमकून पाहिलं, पण लपवलं नाही. "वर कारखाना हलवणार होतो. इथे पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे काका गेलेले मला हवेच होते, बाई. पण मुलीकडे. असे नाहीत." आणि एवढा आडदांड माणूस लाकडाच्या भुशात मटकन बसला.

बाईंनी त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "मधल्या बऱ्या दिवसांत काढा बंद होता का?"

"छे! मीच तर करून द्यायचो. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तीन आठवडे मैत्रिणीकडे होती. त्याच पुड्यातली साल, तेच पातेलं. मला चहासुद्धा धड जमत नाही, पण काकांनी कधी नाव ठेवलं नाही."

आपण काय बोललो ते त्याला कळलं नव्हतं. पट्टीबाईंना मात्र कळलं होतं.

४

"रंगवलेले सगळे फोटो मला जमिनीवर मांडून दे," बाई म्हणाल्या. "मागच्या तारखांच्या क्रमाने."

काकांची शिस्त कडक होती. फोटो पुरा झाला की मागे पेन्सिलीने तारीख. न नेलेले, परत आलेले असे एकवीस फोटो निघाले. पुतण्याने ते वरच्या खोलीत ओळीने मांडले. उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून दुपारचा उजेड त्यांच्यावर पडला.

पहिले पाच चेहरे टवटवीत होते, गालांवर रक्त खेळत होतं. मग चार निळे. मग दोन बरे. मग पुन्हा तीन निळे. त्यानंतर सलग चार असे सुंदर की आता बोलतील. आणि शेवटचे तीन... शेवटचे तीन बघवत नव्हते. प्रत्येक चेहरा आधीच्यापेक्षा गर्द, आणि ओळीच्या टोकाला, अजून तारीख न पडलेले, बाईंचे वडील.

"हे पहिले निळे चार, तारखा वाच."

पुतण्याने वाचल्या. "पहिल्यांदा सामान बांधलं तो आठवडा. हे तीन, दुसऱ्यांदा. आणि हे..." तो चाचरला. "हे आता. पण बाई, निळेच का? माणसाला पिवळं दिसत असेल तर तो पिवळं रंगवेल ना?"

"मीही सकाळपासून तोच विचार करत होते." बाई गुडघ्यांवर बसल्या. "समोर एखादं फूल ठेवून चित्र काढलं असतं तर काहीच फरक पडला नसता. फूलही पिवळट दिसलं असतं, रंगही पिवळट दिसला असता, दोन्ही जुळले असते. पण काळ्या-पांढऱ्या फोटोत बघायला रंग कुठे असतो? काका आठवणीतून रंग भरायचे. माणसाचा गाल कसा असतो ते त्यांना पक्कं ठाऊक. गुलाबी लावला की त्यांना तो पिवळट दिसायचा. मग पिवळेपणा मारायला थोडा निळा. तरी पिवळा, म्हणून आणखी निळा. त्यांच्या डोळ्यांना बरोबर दिसेपर्यंत ते निळा टाकत राहिले. आपल्याला दिसली ती प्रेतं."

पुतण्या भिंतीला टेकला. "म्हणजे डोकं फिरलं नव्हतं."

"डोकं शाबूत होतं, हातही शाबूत होता. विष होतं ते. चेहरा जेवढा निळा तेवढं विष जास्त." त्यांनी मधल्या चार टवटवीत फोटोंवर बोट ठेवलं. "आता या तारखा."

पुतण्याने वाचल्या आणि शेवटचा फोटो पुन्हा उलटून पाहिला. ते तीन आठवडे आत्या घरात नव्हत्या.

"साल तीच," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे आजीचा दोष नाही. डॉक्टरांच्या गोळ्या त्याच, म्हणजे त्यांचाही नाही. काढा तुझ्या हातचा होता आणि काका ठणठणीत होते. तुला काही करायचं असतं तर याहून सोयीची वेळ नव्हती. बदलला तो एकच हात."

"नाही," पुतण्या म्हणाला. "आत्या नाही. तिने त्यांना चमच्याने भरवलंय."

बाई गच्चीवर गेल्या. आत्या काढ्याचा चोथा खत म्हणून कुंड्यांत टाकत, हे सगळ्यांना माहीत होतं. मनापासून निगा राखलेल्या कुंड्या ओळीने होत्या आणि टोकाला पत्र्याच्या पिंपात उंच कण्हेर. तिच्या एका अंगाच्या फांद्या कात्रीने नीट छाटलेल्या होत्या. जवळच्या कुंडीत बाईंनी काडीने माती उकरली. माती कोरडी होती, पण वरचा चोथा ओला होता. चार दिवस साल न उकळलेल्या घरातला चोथा ओला.

रुमालात बांधून त्यांनी तो आजीच्या बंद दुकानात नेला. आजीने पुरचुंडी उजेडात धरली, लाल-तपकिरी तुकडे बोटाने बाजूला सारले, आणि खालून एक चिवट, अरुंद तुकडा काढला. मधोमध जाड शीर होती.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "सालीला शिरा नसतात. हे पान आहे, बाई. कण्हेरीचं."

तिने तो तुकडा कागदावर ठेवला आणि हात धुवायला उठली. तीनदा धुतले.

५

बाईंनी ते पान दाखवताच डॉक्टरांनी इन्स्पेक्टरना फोन केला. देह अजून रुग्णालयाच्या शीतघरात होता, मुलीच्या वाटेकडे डोळे लावून; शवतपासणी व्हायची होती. इन्स्पेक्टर म्हणाले, अर्ध्या तासात पोचतो. पुतण्या आजीच्या दुकानापुढे वाकून पोती पुन्हा भरत होता. आजी त्याच्यामागे एकेका पोत्याचं तोंड बांधत होती.

पट्टीबाई एकट्याच जिना चढल्या. वाट बघायला त्या थांबू शकल्या असत्या, पण त्यांना आत्यांकडून ऐकायचं होतं.

आत्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोर दोन ताटं मांडलेली होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "तो एकटा जेवत नाही."

बाई बसल्या नाहीत. "आत्या, मी कुंडीतला चोथा पाहिला."

आत्यांनी एका ताटावरची न पडलेली धूळ बोटाने पुसली. स्वयंपाकघरातलं घड्याळ टिकटिकत होतं आणि बाहेर गच्चीवर वाऱ्याने कण्हेरीची पानं एकमेकांवर घासत होती.

"झटका आला ना त्याला," त्या अखेर म्हणाल्या, "तेव्हा तो दिवसातून पन्नासदा हाक मारायचा. ताई, पाणी. ताई, उशी. ताई, नुसती इथे बस. माझा संसार झाला नाही, तुम्हाला माहीत आहे. एवढ्या हाका मला उभ्या आयुष्यात कुणी मारल्या नव्हत्या. मग तो बरा झाला. हाका कमी झाल्या. एक दिवस आला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसुद्धा नाही. आणि त्या दिवशी म्हणाला, ताई, मी मुलीकडे जातो."

"तुम्हाला माहीत होतं ते विष आहे."

"थोडं होतं हो. आईनं लहानपणी सांगितलं होतं, त्या झाडाला हात लावायचा नाही. मला त्याला मारायचं नव्हतं. आठ दिवस पडून राहावं एवढंच. दोनदा जमलं." त्यांच्या आवाजात पोळीला तेल किती लावायचं हे सांगावं इतकी सहजता होती. "त्याला त्या चेहऱ्यांची भीती वाटायची. लोकांनी सांगून सांगून भरवली होती. म्हणायचा, ताई, मेलेले माझ्याकडे रागाने बघतात. मग मी त्याचा हात धरून बसायचे. तासन्‌तास."

"आणि या वेळी?"

"या वेळी तो थांबेना. हट्टाला पेटला. उलट्या झाल्या तरी म्हणे रविवारी निघणारच. डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितला, तर मी म्हटलं, ही वेगळी साल आहे, ही चालते. प्यायला. माझ्यावर विश्वास होता त्याचा." त्या पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत बघू लागल्या. "तुम्ही पट्ट्या वाचता. तुम्ही मला खरं सांगा. त्या दिवशी, तुम्ही पट्टी काढलीत त्या दिवशी मी थांबले असते, तर?"

काहीतरी मऊ बोलता आलं असतं. सत्तरीच्या हृदयाचं काय सांगावं, असं म्हणता आलं असतं. दवाखान्याच्या बाकावर त्या असं कितीतरी नातेवाइकांना सांगत आल्या होत्या.

"वाचले असते," बाई म्हणाल्या. "नाडी मंद होती, पण हृदय झुंजत होतं. आणि ती पळी पाहून मी तेव्हाच हा जिना चढले असते, घरात काय उकळतंय ते बघितलं असतं, तरी वाचले असते. मी चार दिवस थांबले."

आत्यांनी मान हलवली, हिशोब पटल्यासारखी. दोघींच्यात त्या क्षणी वैर नव्हतं, आणि हेच बाईंना पुढे कितीतरी दिवस छळत राहणार होतं.

जिन्यात बुटांची पावलं वाजली. आत्या उठल्या. गॅसचं बटण बंद आहे ना ते पाहिलं, दुधावर झाकण ठेवलं, केस सारखे केले. दारात इन्स्पेक्टर उभे होते. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पायात चपला सरकवल्या, उत्तरेच्या खोलीकडे मान वळवली आणि रोज बाजाराला जाताना म्हणत त्याच सुरात म्हणाल्या,

"येते रे."

आणि उत्तर येईल म्हणून उंबऱ्यात थांबल्या. इन्स्पेक्टरही थांबले. शेवटी पट्टीबाईंनीच पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना जिन्यापर्यंत नेलं.